काळ्या खडकातले निळे डोह : रियुनियन

चहूबाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर लोक पोहायला कुठे जातात? समुद्रावर, असे कोणीही सांगेल. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर मात्र रविवारी सकाळी कितीतरी गाड्या समुद्राकडे पाठ फिरवून डोंगराच्या दिशेने निघालेल्या दिसतात. डिकीत भाताचे पातेले आणि चटया, मागच्या सीटवर पोरेबाळे आणि मध्ये दाटीवाटीने बसलेली आजी. ही सारी मंडळी निघालेली असतात नदीवर.

मॉरिशसहून विमानाने जेमतेम पाऊण तासात आपण रियुनियनला पोहोचतो. बेट फ्रान्सचे, आकार सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या चौपट. पण एवढ्याशा जागेत निसर्गाने काय काय कोंबले आहे! मध्यभागी 3,070 मीटर उंचीचे पितों दे नेझ हे शिखर. आपल्या कळसूबाईची उंची 1,646 मीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट! आग्नेयेला पितों द ला फुर्नेझ हा जगातील सर्वांत जागृत ज्वालामुखींपैकी एक. शिखराभोवती सिलाओस, सालाझी आणि माफात ही तीन प्रचंड खोरी आहेत. सिलाओसला जाणारा रस्ता चारशे वळणांचा म्हणून ओळखला जातो, तर माफातला रस्ताच नाही. तिथे पायी जावे लागते, नाहीतर हेलिकॉप्टरने. हा सारा डोंगराळ प्रदेश 2010 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

समुद्राला पाठ का?

याचे एक कारण किनाराच आहे. पश्चिमेकडे प्रवाळाच्या भिंतीआड शांत, उथळ पाणी आहे. तिथे लहान मुलेही निर्धास्त डुंबतात. बाकी बराचसा किनारा खडकाळ आणि खवळलेला. त्यात 2011 पासून शार्कचे हल्ले वाढले, अनेकांचे प्राण गेले आणि 2013 मध्ये प्रशासनाने प्रवाळभिंतीबाहेर व देखरेख नसलेल्या ठिकाणी पोहण्यास मनाई केली. नदीवर जाण्याची हौस मात्र त्याआधीपासूनची. डोंगरातून धावत येणारे पाणी जिथे क्षणभर थांबते, तिथे डोह तयार होतो. त्याला इथे ‘बासँ’ म्हणतात. प्रत्येक डोहाला स्वतंत्र नाव आणि प्रत्येक कुटुंबाचा एक आवडता डोह!

आपल्याच घरचा दगड

आम्ही पहिल्यांदा गेलो बेटाच्या पूर्वेला, रिव्हिएर दे रोश नदीवर. नावाचा अर्थच खडकांची नदी. थोडे चालून, पायऱ्या उतरून खाली आलो आणि समोर ‘बासँ ला पे’, म्हणजे शांतीचा डोह. धबधबा कोसळतो आहे, खाली हिरवेनिळे पाणी आणि भोवती काळ्या दगडाचे उभे खांब, जणू कोणी ओळीने रचून ठेवावेत तसे. माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, ‘‘आई, हे तर आपल्या गिल्बर्ट हिलसारखं!’’

पोरीने बरोबर ओळखले होते. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब बेसॉल्टचे आणि हेही बेसॉल्टचेच. लाव्हा थंड होऊन आकसताना त्याला तडे जातात आणि असे खांब बनतात. पण नाते एवढ्यावर संपत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून आपले दख्खनचे पठार बनले. तो लाव्हा ज्या तप्त स्थानातून आला, तेच तप्त स्थान आज रियुनियनखाली धगधगते आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. मधल्या काळात भारताचा भूभाग उत्तरेला सरकत गेला आणि ती चूल मागे राहिली. सह्याद्रीचा कातळ आणि या डोहाचा कातळ एकाच चुलीवरचे! घरापासून हजारो किलोमीटरवर असे माहेरचे माणूस भेटेल, हे मनातही नव्हते.

आजीबाईंचे बोट

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही दक्षिणेला सँ-झोझेफजवळच्या लांजव्हँ नदीवर गेलो. रस्ता नदीच्या काठाकाठाने वर चढतो. वर ग्रां गालेचा धबधबा. कड्यातून अनेक धारांनी पाणी झरते आणि खालच्या डोहात उतरते. वाटेत ठिकठिकाणी नदीकाठी चुली पेटलेल्या. 1848 मध्ये गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांत कामासाठी तामीळ प्रदेशातून हजारो मजूर इथे आणले गेले. त्यांचे वंशज आज इथलेच झाले आहेत. इथल्या रोजच्या रश्श्याला आजही ‘कारी’ म्हणतात. हळद, आले, लसूण यांचा वास दरवळला आणि आम्हाला कडकडून भूक लागली.

शेजारच्या चटईवरील एका आजीबाईंनी पानभर भात आणि कारी पुढे केली. भाषा येत नव्हती, पण आग्रहाला भाषा लागत नाही. मुली पाण्यात, पुरुष सावलीत, आकाश निळेभोर. दुपारी दोनच्या सुमारास आजीबाई अचानक उठल्या, टाळी वाजवून त्यांनी मुलांना पाण्याबाहेर बोलावले आणि पातेली आवरायला घेतली. आम्ही बघतच राहिलो. त्यांनी फक्त वर, डोंगराकडे बोट दाखवले. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होते, पण शिखरांवर काळे ढग दाटले होते.

मुलगी रुसली. ‘‘पाऊस कुठे आहे?’’ मलाही थोडे जिवावर आले होते. तरी आम्ही वरच्या रस्त्यावर येऊन थांबलो. पाऊण तासही झाला नसेल, खाली नदीचा आवाज बदलला. निळे पाणी गढूळ झाले, बघता बघता चढले आणि आम्ही ज्या दगडावर बसून जेवलो होतो तो दिसेनासा झाला. आमच्या अंगावर मात्र पावसाचा एक थेंबही पडला नव्हता.

याचे कारण सोपे आहे. उंच डोंगर समुद्रावरून येणारे ढग अडवतात, उतार तीव्र आणि नद्या आखूड. त्यामुळे वर पडलेले पाणी थोड्याच वेळात खाली येते. आणि पाऊस तरी किती! 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो मुंबईकर जन्मात विसरणार नाहीत. या बेटावरील फॉक-फॉक येथे जानेवारी 1966 च्या चक्रीवादळात 24 तासांत 1,825 मिलिमीटर पाऊस पडला. तो जागतिक विक्रम आहे.

मला त्या क्षणी लोणावळा आठवले. 30 जून 2024 ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. तिथेही पाणी असेच अचानक वाढले होते. रियुनियनचे लोक काही वेगळ्या मातीचे नाहीत. तिथेही मनाई असलेल्या डोहांत उड्या मारणारे बहाद्दर आहेत आणि दुर्घटनाही होतात. पण ज्या घरात आजी डोंगराकडे बघून टाळी वाजवते आणि मुले कुरकुरत का होईना बाहेर येतात, ते घर पुढच्या रविवारी पुन्हा नदीवर येते. कातळ एकच, पाऊसही तसाच. आपल्याला शिकायची आहे ती ही टाळी.

परत आल्यावर पहिल्याच पावसात आम्ही कर्जतजवळच्या एका ओढ्यावर गेलो. मुलगी पाण्याजवळ गेली, पण आधी मान वर करून डोंगराकडे बघितले आणि मगच चपला काढल्या.

जाण्यापूर्वी

केव्हा जाल? : मे ते नोव्हेंबर हा कोरडा, सुखद काळ. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. ते टाळलेले बरे.

व्हिसा : बेट फ्रान्सचे असले तरी शेंगेन क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे शेंगेन व्हिसा आहे म्हणून निश्चिंत राहू नका. फ्रेंच दूतावासाकडे आधीच चौकशी करा.

पैसे व वाहतूक : चलन युरो. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. डोहांपर्यंत जाण्यासाठी भाड्याची गाडी सोयीची.

काय खाल? : कारी-भात आणि सिलाओसची मसूर. आमटीभातावर वाढलेल्यांची मुळीच आबाळ होत नाही.

डोहात उतरताना : मनाईचा फलक असेल तर उतरूच नका, वरून दरडी कोसळतात. तळ पाहिल्याशिवाय उडी मारू नका. अंगावर जखम असेल तर पाण्यात जाणे टाळा, कारण इथेही लेप्टोचा धोका आहे. पाणी गढूळ दिसू लागले, पाने-काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा वर ढग दाटले, तर सामान सोडा, आधी मुलांना घेऊन वर या.