दीड महिन्याचे जुने गाव

अमेरिकेत जाऊन आलेल्या माणसाला वस्तीतली मुले एकच प्रश्न विचारतात, "डिस्नेलँड बघितलं का?" आणि मोठी माणसे विचारतात, "तिकीट केवढ्याला?" मी 2019 च्या जुलै महिन्यात मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो. त्याला आता वर्षे लोटली, तरी हे दोन प्रश्न काही संपत नाहीत. म्हणून वाचकहो, दोन्हींची उत्तरे एकदाच लिहून टाकतो.

आधी तिकिटाचे. त्या वर्षी मोठ्या माणसाला एका दिवसाचे तिकीट, गर्दीचा दिवस की मोकळा दिवस हे पाहून, 104 ते 149 डॉलर होते. तेव्हाच्या भावाने सात ते दहा हजार रुपये. मी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून उभी हयात काढलेला माणूस. आकडा ऐकून म्हणालो, "तुम्ही जाऊन या, मी घरी बसतो." मुलगी म्हणाली, "बाबा, आम्हाला राणीच्या बागेत न्यायचात तेव्हा खर्चाचा हिशेब आम्हाला सांगितला होता का?" यावर मला काही बोलता आले नाही.

डिस्नेलँड हे लॉस एंजेलिसजवळच्या अॅनाहाइम शहरात आहे. 17 जुलै 1955 रोजी वॉल्ट डिस्ने यांनी ते संत्र्यांच्या बागांच्या जागेवर उघडले. आम्ही गेलो तेव्हा त्यात 14 एकरांचा एक नवा भाग नुकताच, 31 मे 2019 रोजी, सुरू झाला होता. त्याचे नाव 'स्टार वॉर्स : गॅलक्सीज एज'. पहिले तीन आठवडे तर आगाऊ नाव नोंदवल्याशिवाय तिथे कोणाला सोडत नव्हते. 'स्टार वॉर्स' हा 1977 सालचा जॉर्ज लुकास यांचा सिनेमा. पुढे त्याचे बरेच भाग निघाले. मी त्यातला एकही पाहिलेला नव्हता. नऊ वर्षांच्या नातवाला मात्र सगळे तोंडपाठ.

साध्या जत्रेत पाळणे असतात, दुकाने असतात, आणि आपण जत्रेत आहोत हे आपल्याला ठाऊक असते. इथे तसे नाही. एका बोगद्यातून आत गेलो आणि बाहेर पडलो तो दुसऱ्याच मुलखात. मागची बाग दिसत नाही, तिचे गाणे ऐकू येत नाही. समोर उंच काळपट सुळके, घुमटांची घरे, वर कापड ताणलेला बाजार. हा म्हणे 'बाटू' नावाचा ग्रह, आणि हे त्यावरचे व्यापारी ठाणे. दुकानांच्या पाट्या वेगळ्याच लिपीत. काम करणारी मुले-मुली हॅलो म्हणत नाहीत, त्या ग्रहाच्या भाषेत रामराम करतात, आणि डॉलरला 'क्रेडिट' म्हणतात. इस्तंबूल आणि माराकेश इथले जुने बाजार पाहून कारागिरांनी हा बाजार रचला, असे कळले.

माझे डोळे मात्र भिंतींवर खिळले. गाव दीड महिन्याचे, पण भिंतींचे पोपडे उडालेले, नळांना गंज, दारांच्या कडा हात लागून लागून झिजलेल्या. आम्ही वर्कशॉपमध्ये जन्मभर गंज खरवडला, ग्रीस पुसले. इथे पैसे मोजून गंज चढवलेला! जवळ जाऊन बोट फिरवले, तर बोटाला काही लागले नाही. तो सगळा रंग होता. खडकही खडक नव्हेत. आत लोखंडी सळ्यांचा सांगाडा, वर सिमेंटचा थर, आणि तो ओला असतानाच हत्यारांनी भेगा कोरायच्या. जमिनीवर यंत्रमानव चालून गेल्यासारख्या चाकांच्या खुणा होत्या. ओल्या सिमेंटवरून खरेच तसे चाक फिरवून त्या उमटवल्या आहेत. कोणा गवंड्याने, कोणा रंगाऱ्याने उन्हात उभे राहून हे केले. त्यांचे नाव कोठल्याही पाटीवर दिसले नाही.

मध्यभागी शंभर फुटांहून लांब अवकाशयान उभे आहे, 'मिलेनियम फाल्कन'. त्याच्या पोटात सहा जणांची केबिन. दोघे चालक, दोघे तोफा डागणारे आणि दोघे इंजिनिअर. नातू पुढे चालक झाला. माझ्या हातात कार्ड आले इंजिनिअरचे! चाळीस वर्षे फिटर होतो, बढती मिळाली ती परग्रहावर. काम सोपे : यान कोठे आदळले की बाजूच्या फळीवर दिवे लागतात, ते बटण दाबून दुरुस्ती करायची. नातू धडाधड आदळत होता आणि मी बटणे दाबत होतो. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही होता म्हणून वाचलो." सात ते दहा हजारांतले निम्मे तरी तिथे वसूल झाले म्हणायचे.

मग मुलांच्या हट्टाने निळे दूध घेतले. एका पेल्याला आठ डॉलरला एक सेंट कमी, म्हणजे साडेपाचशे रुपये. त्यात गाईम्हशीचा थेंब नाही. तांदूळ आणि नारळ यांचे दूध, वरून निळा रंग आणि बर्फ. आपल्या कोकणातल्या बाईने चाखले असते तर म्हणाली असती, यात गूळ घाला. घरून डबा नेण्यास मात्र तिथे मनाई नाही, फक्त काचेची बाटली चालत नाही. मुलीने चपाती-भाजी आणली होती. परग्रहावर बसून आम्ही ती खाल्ली.

खाता खाता नातवाने विचारले, "आजोबा, इथे खरंच कोणी राहतं का?" मी सांगितले, "नाही रे, रात्री सगळे आपापल्या घरी जातात." बोलून गेलो आणि शेजारी झाडू मारणाऱ्या बाईंकडे लक्ष गेले. डिस्नेलँडमध्ये कामगाराच्या छातीवर नावाची पट्टी असते. तिच्यावर फक्त पहिले नाव आणि गाव. आडनाव नाही. साहेबही पहिल्याच नावाने ओळखला जातो. आडनाव ऐकल्याबरोबर समोरच्याचा चेहरा बदलताना आपण पिढ्यान्पिढ्या पाहिला आहे, म्हणून मला ही चाल फार आवडली. पण नावाने बरोबरी झाली की पगारानेही होते, असे नाही. मुलीने तिथेच सांगितले, की 2018 साली युनियनांनी अभ्यासकांकडून सुमारे पाच हजार कामगारांची पाहणी करवून घेतली होती. मागच्या दोन वर्षांत कधी ना कधी आपल्याला राहायला घर नव्हते, असे तीत दर शंभरातल्या अकरा जणांनी सांगितले. कंपनीला ती पाहणी मान्य नव्हती. पण खोटे घर इतके हुबेहूब उभे करणाऱ्या ठिकाणी खऱ्या घराचा प्रश्न निघावा, हे माझ्या मनातून जाईना.

पुढची हकिगत मी इथे आल्यावर वर्तमानपत्रांतून धरून ठेवली. नोव्हेंबर 2018 मध्येच अॅनाहाइमच्या मतदारांनी एक ठराव मंजूर केला होता : शहराकडून सवलत घेणाऱ्या तिथल्या मोठ्या हॉटेल-करमणूक धंद्यांनी तासाला किमान 15 डॉलर द्यावेत, आणि दर वर्षी एक डॉलर वाढवत 2022 पर्यंत 18 वर न्यावे. हा ठराव आपल्याला लागू नाही, असे कंपनीचे म्हणणे. कामगार 2019 मध्ये कोर्टात गेले. 2021 मध्ये खालच्या कोर्टात हरले. तरी वर गेले. 2023 मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि 2024 च्या डिसेंबरात 23 कोटी 30 लाख डॉलरची तडजोड झाली. पन्नास हजारांहून जास्त कामगारांचा त्यात वाटा. आमच्या युनियनच्या सभांना ज्यांनी हजेरी लावली आहे, त्यांना या पाच-सहा वर्षांची लांबी समजेल.

तेव्हा डिस्नेलँड बघावे का? जमले तर जरूर बघावे. मुलांना हसताना पाहणे हेही आपल्या कष्टाचेच फळ आहे. आणि तितके दूर जाणे जमले नाही, तरी आपल्याकडची बाग असो, वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र असो, मुलांना एवढे जरूर दाखवावे, की हे पाहा सिमेंट, ही पाहा वेल्डिंगची शिवण, इथे रंगाऱ्याचा ब्रश फिरला आहे. हे कोणाच्या तरी आईने, कोणाच्या तरी बापाने केले आहे. माझ्या नातवाने त्या दिवशी घरी जाताना झाडू मारणाऱ्या बाईंच्या पट्टीवरचे नाव वाचले आणि त्या नावाने त्यांना थँक्यू म्हटले. बाईंनी त्या ग्रहाच्या भाषेत उत्तर दिले नाही. त्या आपल्या नेहमीच्या भाषेत म्हणाल्या, "सांभाळून जा, बाळा."