जाताना आठ तास, येताना दहा

लेक टोकियोला राहायला गेल्यापासून दोनदा तिकडे जाऊन आले. "किती तास लागतात हो बाई?" असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. जाताना सुमारे आठ तास लागतात आणि येताना जवळजवळ दहा!

मुंबई ते टोकियो सरळ हवाई अंतर पावणेसात हजार किलोमीटरच्या आसपास. परतताना ते काही वाढत नाही. घड्याळ तर आणखीनच फसवतं. मुंबईहून रात्री आठला निघालं की टोकियोत उतरताना सकाळचे साडेसात वाजलेले, म्हणजे साडेअकरा तास! उलट तिकडून संध्याकाळी पाचला निघालं की रात्री साडेअकराला मुंबई, म्हणजे अवघे साडेसहा! जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. तेवढे तास जाताना वजा केले आणि येताना मिळवले की मग खरा हिशोब लागतो.

पहिल्यांदा परत येताना हा हिशोब कागदावर मांडत बसले होते, आणि एकदम नववीचा वर्ग आठवला.

मी भूगोल शिकवायचे. पृथ्वीचं परिवलन चाललं होतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, "बाई, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग विमान वर नुसतं थांबून राहिलं, तर पश्चिमेकडचा देश आपोआप खाली येईल की!" सगळा वर्ग हसला. मीही हसले. "हे परीक्षेला नाही. खाली बस," म्हणाले. खरं सांगायचं तर मला नीट उत्तर येत नव्हतं. त्यानंतर वर्षभर त्याने हात वर केला नाही.

उत्तर मी निवृत्त झाल्यावर शोधलं. पृथ्वीबरोबर हवाही फिरते. धावत्या एसटीत उडी मारली तरी आपण होतो तिथेच खाली येतो, तसंच हे. पण गंमत पुढे आहे. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते, टोकियोच्या अक्षांशावर साधारण १३५०. उष्ण पट्ट्यातली हवा वर चढून ध्रुवांकडे सरकते, ती आपला जादा वेग घेऊनच. म्हणून दहा-बारा किलोमीटर उंचीवर ती पृथ्वीच्याही पुढे पळते. हाच 'जेट' प्रवाह. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग कधीकधी ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर जातो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला तो पाठीमागून ढकलतो, परतणाऱ्याला समोरून अडवतो.

हा वारा वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञाने टोकियोजवळच्या तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून मोजला होता. १९२६ साली त्यांनी अहवाल छापला तो एस्पेरांतो भाषेत, जगाने वाचावा म्हणून. पण फारसा कुणी वाचलाच नाही!

म्हणजे त्या मुलाचं उत्तर चुकलं होतं, विमानाला पश्चिमेकडे जाताना वेळ जास्तच लागतो. पण पृथ्वीच्या फिरण्याचा विमानाच्या वेळेशी संबंध असणार, हे त्याला बरोबर वाटलं होतं. आणि मी त्याला खाली बसवलं.

तो आता पन्नाशीचा असेल. कुठे असतो, ठाऊक नाही. भेटलाच तर एवढंच सांगायचं आहे, "बाळा, तुझा प्रश्न चांगला होता. उत्तर तुझ्या बाईंना येत नव्हतं."