पाचव्या वर्षाची वाट

काही वर्षांपूर्वी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, समुद्रकिनाऱ्याजवळच्या एका धर्मग्रामात तीन महिने सेवा करण्याचा योग आला. तेथील एका वृद्ध शिक्षकांच्या परसात मी प्रथमच सारासेनिया ही घटपर्णी पाहिली. घटपर्णी म्हटली की आपल्याला मेघालयातील वेल आठवते; ही त्या कुळातली नव्हे. हिची पाने जमिनीतून तुतारीसारखी उभी राहतात. मधुरसाला भुललेला कीटक काठावरून घसरतो, खाली वळलेले केस त्याला वर येऊ देत नाहीत. दलदलीच्या निकस मातीत न मिळणारे नत्र झाडाला असे मिळते.

शिक्षकांना निवडीचा छंद होता. ल्युकोफिला जातीच्या पानाचा माथा पांढराशुभ्र, त्यावर लाल-हिरव्या शिरांची जाळी. एखादे झाड विशेष देखणे निघाले, तर त्याचे जमिनीखालचे खोड विभागून ते हुबेहूब तशीच रोपे करीत, हाच क्लोन. बियांचे तसे नाही. सुमारे चार आठवडे ओलाव्यात व थंडीत ठेवून पेरलेल्या बियांतून प्रत्येक रोप निराळे उगवते. परंतु त्याचे खरे रूप दिसावयास चार-पाच वर्षे लागतात.

एका खुरट्या रोपाकडे बोट दाखवून मी विचारले, "हे उपटून का टाकीत नाही?"

"फादर, पहिल्या वर्षी मी कुणाचाच निवाडा करीत नाही," ते म्हणाले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सेमिनरीत शिकवीत असताना प्रथम वर्षाचा एक अबोल मुलगा माझ्या हाताखाली होता. वाचताना अडखळे. ‘या जीवनास अयोग्य’ असा अहवाल मी लिहिला आणि तो घरी गेला. आज तो गावातील आजाऱ्यांच्या उशाशी बसतो. मरणाऱ्याला धीर देताना तो अडखळत नाही, असे तेथील धर्मगुरूंनीच मला सांगितले होते.

निवड माळ्यालाही चुकत नाही, सेमिनरीलाही नाही. पण निदणाच्या दाखल्यातील धनी कापणीपर्यंत थांबला. मी दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतही थांबलो नव्हतो.

परतल्यावर त्याच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली. तो काहीच बोलला नाही. चहा पुढे केला आणि म्हणाला, "फादर, पलीकडच्या आळीत एक म्हातारी आजारी आहे. येता का माझ्याबरोबर?"

मी त्याच्या मागोमाग चालू लागलो.