राक्षसभुवन आणि एक राहिलेले उत्तर

मंडळी, आमच्या बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यात राक्षसभुवन नावाचे गाव आहे. नाव ऐकून बाहेरचा पाहुणा हमखास हसतो. आमच्या पुण्याच्या व्याह्यांनी तर विचारले होते, "तिथे मुली देतात का हो?" देतात! आणि शनी अमावस्येला तिथे जी गर्दी लोटते, ती पाहिली तर पाहुण्याचे हसू पळून जाईल.

गाव गोदावरीच्या दक्षिण काठावर आहे. नदीलगत शनीचे देऊळ. शनीच्या साडेतीन पीठांत त्याची गणना होते. (उरलेली अडीच कोणती, यावर दोन माणसांचे एकमत झालेले मी पाहिले नाही. असो.) विज्ञान गणेशाचे स्थानही इथलेच. जवळच पांचाळेश्वर, म्हणजे महानुभाव पंथीयांचे आत्मतीर्थ, दत्तात्रेयांचे स्थान म्हणून दूरदूरची माणसे तिथे येतात. एवढ्याशा टापूत इतकी दैवते. पण इतिहासाच्या पुस्तकात हे गाव आले ते दैवतांमुळे नव्हे, लढाईमुळे. पुस्तकात तिला एकच ओळ होती, "राक्षसभुवन येथे माधवरावाने निजामाचा पराभव केला." पानिपताला चार पाने आणि आमच्या गावाला एक ओळ!

मी तेव्हा गोदाकाठच्याच एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. १९८४ साली सातवीची मुले घेऊन पायी राक्षसभुवनला गेलो. फडक्यात भाकरी, ठेचा, आणि मी पदरचे दोन किलो शेंगदाणे घेतले होते. रणांगण म्हणून बोट दाखवावे असे काही मला सापडले नाही. बाजरीची राने, बाभळी, खाली वाळू. मग देवळाजवळच्या पारावर मुलांना बसवले आणि उभ्यानेच लढाई सांगितली. आवाज चढवून सांगितली, हातवारे करून सांगितली. मराठे असे तुटून पडले, मोगलांची अशी दाणादाण उडाली... मुलांचे डोळे चमकत होते आणि मलाही चेव आला होता.

मागे बसलेला एक मुलगा उठला. पिंजाऱ्याचा पोरगा, अभ्यासात बरा, बोलायला लाजरा. म्हणाला, "गुर्जी, म्हंजी आमी हारलो का?"

पोरे खो खो हसली. आणि खरे सांगायचे तर मीही हसलो. "बस खाली" म्हणालो आणि शेंगदाणे वाटायला घेतले.

त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे निवृत्तीनंतर वेळच वेळ मिळाला, तालुक्याच्या वाचनालयातली पेशवाईवरची पुस्तके एकेक करून घरी आणू लागलो, आणि त्या दिवशी आपण मुलांना काय सांगितले ते कळले.

ती लढाई झाली १० ऑगस्ट १७६३ रोजी. पानिपताला अडीच वर्षे झालेली. माधवराव पेशवे अवघे अठरा वर्षांचे. त्याच वर्षी निजाम अलीच्या फौजेने पुणे लुटले होते, जाळले होते. आणि त्या लुटीच्या वेळी त्याच्या बाजूला होते कोण? नागपूरकर जानोजी भोसले आणि मिरजेचे गोपाळराव पटवर्धन! राघोबादादांनी दुखावलेले आपलेच सरदार. बरे, खुद्द राघोबादादांनी आदल्या वर्षी पुतण्याविरुद्ध याच निजामाची मदत घेतली होती.

पुढे जानोजींना मुलखाचे आमिष दाखवून फोडले. निजाम परत औरंगाबादेकडे निघाला आणि राक्षसभुवनला गोदावरी आडवी आली. श्रावणातली नदी, दुथडी भरलेली. निजाम काही फौजेनिशी पैलतीरी गेला, उरलेली फौज दिवाणाच्या हाताखाली याच काठावर राहिली. तिच्यावर मराठे चालून आले. राघोबादादा शत्रूच्या गराड्यात सापडले तेव्हा ज्याच्याशी भांडले होते त्या पुतण्यानेच येऊन त्यांना सोडवले. निजामाचा दिवाण रणात पडला. पलीकडे निजाम उभा आणि मध्ये पाणी.

त्या दिवाणाचे नाव विठ्ठल सुंदर. जातीने ब्राह्मण.

पुस्तक मिटून मी बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो. विठ्ठल सुंदर हरला होता, निजाम हरला होता. त्या पिंजाऱ्याच्या पोराचे कोणी हरले नव्हते. त्याचे पूर्वज त्या दिवशी गेवराईकडच्या कुठल्या गावात कापूस पिंजत बसले असतील, आणि माझे पूर्वज कुणाच्या तरी वाड्यावर हिशेब लिहीत. लढाई संपल्यावर दोघांच्या रानातून घोडी गेली असतील एवढेच. शिवाय हा मुलूख पुढे १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात राहिला. माझे वडील उर्दूतून शिकले, जमाखर्चाची वही शेवटपर्यंत उर्दूत लिहीत. त्यांना कुणी "तुम्ही कोणाकडून?" असे विचारले असते तर ते काय बोलले असते, देव जाणे.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात महापूर आला. पैठणला धरण झाल्यापासून आमची गोदावरी बहुतेक वर्षभर वाळूच दाखवते, तीही उपशाने खड्डे पडलेली. पण त्या वेळी जायकवाडीचे दरवाजे उघडले आणि पाणी शनीच्या देवळाला लागले. निजाम पलीकडे उभा राहून पाहत होता म्हणजे काय, ते त्या पाण्याकडे बघून मला कळले.

पूर ओसरल्यावर गेवराईच्या स्टँडवर काळीपिवळीपाशी एक दाढी पिकलेला माणूस वाकून पाया पडला. "वळखलं का गुर्जी?" तोच. आता काळीपिवळी चालवतो. मी त्याला हाताला धरून बाजूला घेतले आणि चहा सांगितला. म्हटले, बाबा रे, तू सातवीत मला एक प्रश्न विचारला होतास, त्याचे उत्तर माझ्याकडे राहिले आहे. आणि विठ्ठल सुंदरपासून सगळे सांगितले. एवढा हातवारे करणारा मी, पण या वेळी हात खिशातच होते.

त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "मला न्हाई ध्यानात गुर्जी असं काई इचारल्यालं. तुमी शेंगदाणे वाटले व्हते, तेवढं ध्यानात हाय."

इतक्यात त्याच्या गाडीत शीट भरले. चहाचे पैसे मला देऊ न देता तो गेला.