वरीलप्रमाणे

आपल्या मंडळातली बरीच मुलं आता आयटीत आहेत, म्हणून माझी एक चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी सचिन जीआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपसाठी मी एक प्रोग्रॅम लिहून दिला. तिथे टाक्या आणि प्रेशर व्हेसल बनतात. कुठली प्लेट कुठे लागली, कुठला जॉइंट कोणी वेल्ड केला, या नोंदी तोवर रजिस्टरमध्ये व्हायच्या. त्या टॅबवर आणायच्या होत्या. काम सोपं वाटलं. शिवाय सल्लागार घरातच होते. माझे बाबा अमळनेरहून सुरतेला आले ते वेल्डर म्हणूनच. हजिऱ्याला वेगवेगळ्या ठेकेदारांकडे त्यांनी आयुष्य काढलं.

पहिला धडा त्यांनी जेवताना दिला. "भज्यांचा घाणा असतो ना, तसं पोलादाचं असतं. भट्टीतून एका वेळी निघालं ती एक हीट." प्रत्येक हीटला नंबर असतो. त्यात कार्बन किती, मॅंगनीज किती, ताकद किती, हे त्या नंबरासमोर पोलाद कारखान्याच्या सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं. प्लेट कापायची तर तो नंबर आधी प्रत्येक तुकड्यावर उतरवायचा. "कापल्यावर सगळे तुकडे सारखेच दिसतात," बाबा म्हणाले. वेल्डिंगच्या रॉडला आणि वायरला लॉट नंबर असतो, आणि वेल्डरलाही नंबर असतो. बाबांचा ३७ होता. वेल्डरने एखाद्या पद्धतीचं वेल्डिंग सहा महिने केलं नाही, तर एएसएमईच्या नियमांप्रमाणे त्याची पात्रता संपते आणि पुन्हा परीक्षा द्यावी लागते. ते सहा महिने मोजायलाही नोंदच लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? याचं उदाहरण आपल्या हजिऱ्यातच आहे. फ्रान्समध्ये कादाराश इथे इटर हा अणुसंमीलनाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प उभा राहतो आहे. त्याच्या यंत्राभोवतीचं क्रायोस्टॅट नावाचं स्टेनलेस स्टीलचं अवाढव्य भांडं भारताने दिलं आणि त्याचे भाग एल अँड टीच्या हजिरा कारखान्यात बनले. उंची आणि रुंदी प्रत्येकी जवळपास ३० मीटर, वजन ३,८५० टन. अख्खं नेणं शक्यच नव्हतं, म्हणून ते ५४ भागांत बनवलं. शेवटचा मोठा भाग जून २०२० मध्ये रवाना झाला. तिकडे हे भाग वेल्ड करून जोडायचे होते. आत निर्वात पोकळी ठेवायची, म्हणजे बारीकशी गळतीही चालत नाही. अशा कामात समजा उद्या कळलं, की वेल्डिंग वायरचा एखादा लॉट खराब होता. नोंदी असतील तर तो लॉट लागलेले जॉइंट तेवढे तपासायचे. नोंदी नसतील तर सगळ्या भांड्यावरच संशय.

हे सगळं ऐकून मी मान डोलावली आणि प्रोग्रॅममध्ये एक बटण टाकलं : 'वरीलप्रमाणे'. ते दाबलं की आधीच्या ओळीतला हीट नंबर, लॉट आणि वेल्डर नंबर खाली उतरायचा. सुपरवायझरचा वेळ वाचला. मालक इतके खूश झाले की सगळ्या स्टाफला नाश्ता दिला.

तिसऱ्या महिन्यात एक जॉइंट रेडिओग्राफीत नापास झाला. वेल्डच्या आत स्लॅग अडकला होता. प्रोग्रॅमने वेल्डर नंबर ११ दाखवला. तो तेवीस वर्षांचा मुलगा, मूळचा नंदुरबारकडचा. म्हणाला, "सर, त्या दिवशी मी गावी होतो." हजेरी पाहिली, खरंच नव्हता. मग मी डेटाबेस उघडला. त्या दिवशीच्या सव्वीस जॉइंटच्या नोंदी संध्याकाळी चार मिनिटांत भरल्या होत्या. प्रत्येक नोंदीची वेळ माझ्याच प्रोग्रॅमने जपून ठेवली होती, फक्त मी ती कधी पाहिली नव्हती.

सुपरवायझर मला बाजूला घेऊन म्हणाला, "सोमवारी इन्स्पेक्टर येतोय. ११ च्या जागी १४ टाका ना. बहुधा तोच होता. तुम्हाला तर मागून बदलता येतं." खरंच येत होतं. एका ओळीचं काम होतं. उद्या सांगतो म्हणून मी घरी आलो.

बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू चौथीत असताना मला आठ दिवस घरी बसवलं होतं, आठवतं?" मला एवढंच आठवत होतं, की त्या वर्षी शाळेची फी मामाने भरली होती. "दुसऱ्याचा जॉइंट फुटला होता. रजिस्टरमध्ये वर ३७ लिहिलेलं आणि खाली पानभर 'वरीलप्रमाणे'च्या रेघा. मी किती सांगितलं, पण लिहिलेलं माझ्याविरुद्ध होतं."

त्यांनी मला सल्ला दिला नाही. उठून झोपायला गेले.

सोमवारी मी नोंद बदलली नाही. जुनी तशीच ठेवून तिच्याखाली लिहिलं : वेल्डर निश्चित नाही, नोंदी नंतर भरल्या आहेत. त्या कामात ठरावीक जॉइंटचीच रेडिओग्राफी करायची होती. इन्स्पेक्टरने सगळ्या सव्वीसची करायला लावली. आणखी दोन खराब निघाले. माल दहा दिवस उशिरा गेला. मालकांनी माझ्या बिलातून काही रक्कम कापली, आणि बटण माझंच होतं म्हणून मीही वाद घातला नाही.

आता ते बटण नाही. जॉइंटजवळ उभं राहून, त्याच वेळी नोंद करावी लागते. दुरुस्ती करता येते, पण जुनी ओळ पुसता येत नाही. नंबर ११ अजून तिथेच कामाला आहे.

बाबांनी एकदाच विचारलं, "काढलंस का ते?"

"काढलं."

"शिव्या देत असतील."

देतात. महिन्यातून एकदा फोन येतोच, ते बटण परत टाकता येईल का म्हणून.