शब्दांच्या पोटात

सरळ सांगता येणारी गोष्ट आडवळणाने सांगण्याची हौस माणसाला केव्हापासून लागली असेल कोण जाणे! "तीन अक्षरांचे फूल; पहिले अक्षर टाकले तर अंगावर, मधले टाकले तर पोटात. ओळखा!" असे कोणी म्हटले, की ऐकणारा हातातले काम सोडून विचारात पडतो. 'कमळ' हे उत्तर कळले, की अंगावरचा 'मळ' आणि पोटातली 'कळ' यांसाठीही त्याच्या चेहऱ्यावर हसू फुलते. वास्तविक फुलाची माहिती त्याला काडीइतकीही वाढवून मिळालेली नसते. मिळतो तो शोधाचा आनंद. आज 'उखाणा' म्हटले की नवऱ्याचे नाव घेणारी नववधू डोळ्यांपुढे येते. पण कोडे हाही या शब्दाचा जुना अर्थ आहे. आहणा, हुमाण ही त्याचीच भावंडे. ज्या वस्तूला इतकी नावे, तिची ओढ लोकांना किती असेल, हे वेगळे सांगायला नको.

पंडितांनीही हा खेळ कमी लेखलेला नाही. वात्स्यायनाने दिलेल्या ६४ कलांच्या यादीत 'प्रहेलिका' आहे. 'काव्यादर्श' लिहिणारा दंडी हा आपल्या वैदर्भी रीतीचा मोठा चाहता. प्रसाद, म्हणजे ऐकताक्षणी अर्थ कळणे, हा त्या रीतीचा एक प्राण, असे तो सांगतो. आणि त्याच ग्रंथात पुढे प्रहेलिकांचे १६ प्रकार समजावून देतो! करमणुकीच्या बैठकीत, भरगर्दीत जाणकारांनी आपसांत गुपित बोलण्यासाठी आणि परक्याला गोंधळात पाडण्यासाठी प्रहेलिका उपयोगी पडतात, असे त्याचे म्हणणे. पूर्वाचार्यांनी १४ सदोष प्रहेलिकाही सांगितल्या आहेत, अशी नोंदही तो करतो. म्हणजे कोडे चांगले असू शकते तसे वाईटही असू शकते, हे तेव्हाच ठरून गेले होते.

याहून गोड कथा व्यासांची. महाभारत लिहून घ्यायला गणपती बसला तो अट घालूनच, की माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. मग व्यास अधूनमधून एखादा कूटश्लोक टाकीत. गणपती क्षणभर विचारात पडे आणि तेवढ्यात व्यास पुढचे श्लोक रचून घेत. अशा कूटश्लोकांची संख्या परंपरेने ८८०० सांगितली जाते. लेखणी क्षणभर थांबावी एवढ्यासाठी कोडे, ही कल्पना मला फार आवडते. पुढे तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

काळ्यापांढऱ्या चौकटींचे शब्दकोडे मात्र साता समुद्रापलीकडून आले. आर्थर विन या संपादकाने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात ते प्रथम छापले. ते तिथून इंग्लंडात गेले आणि इंग्रजांनी त्याला तिरके वळण दिले. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने पॉइस मॅदर्स नावाचे कवी कोडी रचू लागले. टॉर्केमाडा म्हणजे स्पेनमधला, धर्मद्रोह्यांचा छळ करण्याबद्दल कुप्रसिद्ध असलेला न्यायाधीश. त्यावरून कोडी सोडवणाऱ्यांचे काय होत असेल याची कल्पना करावी! आपल्या देशात 'द हिंदू' हे दैनिक १९७१ पासून अशी गूढ कोडी देत आले आहे. मराठी दैनिकांतली कोडी बहुधा प्रतिशब्दांवर चालतात. 'पाणी' असे विचारले की 'जल' लिहावे आणि पुढे जावे. त्यात स्मरणशक्तीला काम असते, पण खोडी नसते.

ही खोडी मराठीत आणावी असे आमच्या पाच-सहा जणांच्या डोक्यात आले ते एस.टी.च्या कृपेने. शेवटचा तास संपतो आणि पवनी, लाखनी, साकोलीकडे जाणाऱ्या गाड्या सुटतात, यांमध्ये सव्वा तासाची पोकळी असते. ती आम्ही वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी काढतो. इंग्रजीच्या सरांनी एकदा 'हिंदू'मधले एक कोडे फोडून दाखवले आणि आमच्यात ही साथ पसरली. सर म्हणाले, "गूढ कोड्याला दोन दारं असतात. एका दारावर शब्दाचा सरळ अर्थ लिहिलेला असतो, दुसऱ्या दाराने अक्षरांच्या करामतीतून आत जायचं. दोन्ही दारांतून माणूस एकाच खोलीत आला पाहिजे." कंसात अक्षरांची संख्या द्यायची. एकही शब्द उगाच घालायचा नाही. दिशाभूल खुशाल करावी, पण खोटे बोलू नये. शिवाय आम्ही आमचा एक नियम जोडला : कोडे कोणालाच सुटले नाही, तर चहाचे पैसे कोडे घालणाऱ्याने द्यायचे! या एका नियमाने विद्वत्ता दाखवण्याची हौस पुष्कळच आटोक्यात राहिली आहे.

पहिली कोडी अर्थातच घरची. 'हिंदीत तुम्ही, वर्गात गुरुजी, बाजारात तांदूळ (४)' : तुम अधिक सर, म्हणजे तुमसर. 'वैनगंगेकाठी वारा स्त्रीलिंगी होतो (३)' : पवन, पवनी. 'जेजुरीला उधळतात, मठात जेवतात, आम्ही त्यात राहतो (३)' हे सांगायला नकोच. 'लाखांपासून अंतर राखून असलेला आपला तालुका (४)' कोणता, हे मात्र वाचकांनीच शोधावे. आम्ही चहाला तयार आहोत.

खेळ रंगत गेला तशी मराठीची स्वतःची गंमत समोर येऊ लागली. इंग्रजीत एका घरात एक अक्षर, त्यामुळे ती अक्षरे पत्त्यांसारखी पिसता येतात. आपले अक्षर काना-मात्रा-वेलांटी असे कुटुंब घेऊन एका घरात राहते. एकदा मैत्रिणीने कोडे घातले, 'नवरा बिथरला आणि झाडावर चढला (३)'. उत्तर 'वानर'. मुलींनी टाळ्या वाजवल्या, मुलांनी हरकत घेतली. 'नवरा'मध्ये 'न', 'व' आणि 'रा' आहेत. 'वानर'मध्ये 'वा' कुठून आला? 'रा'चा काना उडी मारून 'व'वर कसा बसला? वाद मराठीच्या सरांकडे गेला. सरांनी फळ्यावर दोन्ही शब्दांचे वर्ण सुटे केले. व्, न्, र् ही तीन व्यंजने, एक आ आणि दोन अ. दोन्हीकडे तेच सहा वर्ण! सर म्हणाले, "अक्षरांच्या हिशेबानं कोडं चुकलं, वर्णांच्या हिशेबानं बरोबर. वर्णविग्रह परीक्षेसाठी शिकवला होता, तो नवऱ्याच्या कामी आला!" तेव्हापासून 'बिथरला' म्हटले की वर्ण पिसायचे आणि 'उलटला' म्हटले की अक्षरे उलटी वाचायची, असा ठराव झाला.

पण या टेबलाशी मी पाहिलेली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. आमच्यात साकोलीकडच्या खेड्यातला एक मित्र आहे. तो फार बोलत नसे. त्याच्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो, 'ण'चा 'न' होतो. डोळा म्हणजे डोरा, पाणी म्हणजे पानी. शाळेत असताना वाचायला उभे केले की वर्ग हसायचा, म्हणून त्याने बोलणेच आवरते घेतलेले. एक दिवस त्याने चिठ्ठी पुढे सरकवली : 'झाडीत रानातून डोक्यावर येते, पुण्यात तिच्यात भांडी घासतात (२)'. आम्ही सगळ्यांनी डोकी खाजवली. शेवटी हार मानली तेव्हा तो म्हणाला, "मोरी! आमच्या घरी मोरी डोक्यावर येते, त्यायच्या घरी पायाखाली असते." झाडीतली 'मोळी' ती मोरी! कोणीतरी कुरकुरले, की हा उच्चार अशुद्ध आहे. त्यावर तो पहिल्यांदाच ठासून बोलला, "कोड्यात 'झाडीत' म्हणून सांगितलं आहे ना? मंग खोटं कोठी बोललो?"

त्याचे म्हणणे बिनतोड होते. सरांनी निकाल त्याच्या बाजूने दिला. चहाही आम्ही वर्गणी काढून पाजला. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला, तो आता आमच्या टेबलावर प्रमाणकोशाच्या शेजारी असतो आणि दोन्हींचा निकाल सारखाच मानला जातो. ज्या 'र'साठी पूर्वी हसू झाले, तोच 'र' आता त्याचे हत्यार आहे. आम्ही घरात 'ळ' म्हणणारी मंडळी त्या कोड्यांपुढे रोज हात टेकतो. एकट्याने शब्दकोडे सोडवणारा आपल्याला येणाऱ्या शब्दांतच फिरतो. पाचजण बसले की पाच घरांचे, पाच शिवारांचे शब्द टेबलावर येतात.

आता थोडे कोड्याच्या वरच्या अर्थाविषयी. गूढ कोड्यातले वाक्य वरवर काही एक सांगते आणि आतून दुसरेच विचारते. म्हणून सराईत माणूस वरच्या अर्थाकडे लक्षच देत नाही. तो पडदा आहे, बाजूला सारा आणि अक्षरे पाहा, हे पहिल्या आठवड्यातच अंगवळणी पडते. पण एकदा कोणीतरी लिहिले, 'नदी उलटली की माणूस (२)'. 'नदी' उलटी वाचली, 'दीन' मिळाले, टाळ्या झाल्या. मग टाळ्या आपोआप थांबल्या. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले होते, ते आमच्यातल्या दोघांच्या घरातही होते. इथे पडदा बाजूला सारून आत गेलो, तर आतही तेच लिहिलेले!

त्यानंतर काही दिवसांनी पवनीकडच्या मैत्रिणीने एक कोडे आणले. तिचे आजोळ गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी १९८८ सालची. म्हणजे आम्ही जन्मलो तेव्हा ते जुनेच झाले होते. धरण, पुनर्वसन, मोबदला हे शब्द आम्ही इतक्या वेळा ऐकले आहेत, की वर्तमानपत्रात त्यांच्यावरून नजर पाण्यावरून घसरावी तशी घसरते. तिचे कोडे होते :

'बांधा नवीन धरण, आणि पोटात आमचे पीक (२)'.

आम्ही सवयीप्रमाणे वाक्य विसरून अक्षरे मोजू लागलो. 'पोटात' म्हणजे लपलेला शब्द, एवढे लगेच कळले. बां, धा, न, वी, न. बोट 'धा'वर थांबले, मग 'न'वर. उत्तर ज्याला सापडले तो नेहमी "आलं!" म्हणून ओरडतो. या वेळी त्याने हळूच म्हटले, "धान." कोणी टाळी वाजवली नाही. आजोबांच्या बांध्यांविषयी, नव्या गावठाणातल्या घराविषयी ती काही बोलली नाही. तिने सरांना एवढेच विचारले, "सर, नियमात बसतं ना?"

सरांनी कोडे पुन्हा एकदा वाचले. "बसतं. एकही शब्द जास्त नाही," असे म्हणून त्यांनी ते आमच्या कोड्यांच्या वहीत स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतले. तिला सहानुभूती नको होती, निकाल हवा होता. तो मिळाला.

शब्दांचे खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि गाडीची वाट पाहणारे आम्ही रिकामटेकडे आहोत हे खरेच आहे. पण मला व्यासांच्या युक्तीचा अर्थ त्या दिवशी कळला. आजचा प्रत्येक वाचक गणपतीसारखा न थांबण्याची अट घालूनच बसलेला असतो. हातातल्या पडद्यावर बोट फिरते आणि गावे, पूर, पिके, माणसे भराभर वर सरकत जातात. अशा वाचकाला दोन क्षण थांबवायचे तर ओरडून उपयोग नाही, कारण ओरडणारे खूप झाले आहेत. त्याच्यापुढे एक प्रामाणिक कोडे ठेवावे. ते सोडवायला त्याला अक्षर अन् अक्षर पाहावे लागते, एकेका अक्षरावर बोट ठेवावे लागते. मग एखादे वेळी धरणाच्या पोटातले धान त्याच्या बोटाला लागते.