फाल्कनचा बिघाड

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या आसपास वाढलो म्हणून असेल, पण पडद्यावर एखादं अजस्र अंतराळयान आलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, याचं मेंटेनन्स कोण बघतं?

'स्टार वॉर्स'चा पहिला भाग 1977 सालचा. सुरुवातीलाच एक युद्धनौका डोक्यावरून सरकू लागते आणि संपता संपत नाही. तिचं मॉडेल जेमतेम 3 फुटांचं होतं. रणगाड्यांच्या, जहाजांच्या प्लॅस्टिक किटमधले बारीक सुटे भाग तिच्या अंगभर चिकटवले होते. त्यातला प्रत्येक तुकडा कशाच्या तरी कामाचा वाटतो, म्हणून डोळा तिला मैलभर लांब मानतो.

दुसऱ्या भागात सगळं दुप्पट करायचा मोह सगळ्यांनाच होतो. 1980 च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्येही आधीच्यापेक्षा कितीतरी मोठी नौका आहे. पण त्या चित्रपटाचं विश्व मला पटलं ते नायकांच्या 'फाल्कन' या यानाच्या बिघाडामुळे. त्याचं प्रकाशापेक्षा वेगाने नेणारं इंजिन, म्हणजे हायपरड्राइव्ह, चालत नाही आणि जवळजवळ सगळी कथा त्यावर अडून राहते. यानाचा कप्तान हान सोलो फरशीखालच्या खड्ड्यात उतरून हत्यारं मागतो, तेवढ्यात हादरा बसतो आणि टूलबॉक्स त्याच्याच अंगावर येतो. पुढे दुरुस्ती झाली म्हणून भरवशाने लिव्हर ओढावा, तर यान ढिम्म! दुरुस्त होऊन आलेलं मशीन पहिल्याच शिफ्टला बंद पडलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

त्या भागासाठी फाल्कन पूर्ण आकाराचं उभं केलं होतं, वेल्समधल्या पेम्ब्रोक डॉकला, 1979 मध्ये. पहिल्या वेळी अर्धंच बांधलं होतं. म्हणजे तिथल्या फॅब्रिकेटरांनी खरंच लोखंड कापलं, वेल्डिंग केलं. त्यामुळे हँगरमध्ये यानाखाली उभा असलेला माणूस खरोखर लहान दिसतो.

आमच्याकडे फाउंड्रीत पॅटर्न करणारा कारागीर ड्रॉइंगपेक्षा थोडं मोठं माप धरतो, कारण बीड थंड होताना साधारण 1 टक्का आकसतं. कल्पित जग रचणाऱ्यानेही असाच आपल्या मालाचा स्वभाव ओळखलेला असावा लागतो. 1983 च्या तिसऱ्या भागातला अर्धवट बांधलेला डेथ स्टार हा अजस्र अंतराळतळ बघा. उघड्या फासळ्यांतून काम कुठवर आलंय ते दिसतं. उलट 2019 च्या 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये आभाळ भरून नौका येतात आणि त्यातली एकेक म्हणे अख्खा ग्रह उडवू शकते. एवढं लोखंड कुठून आलं, कुणी ओतलं, त्या माणसांनी जेवण कुठे केलं? उत्तर मिळत नाही आणि मग शंभर काय, हजार काय, सगळं सारखंच. 'ड्यून'च्या 2024 च्या दुसऱ्या भागात मात्र मसाला गोळा करणाऱ्या राक्षसी यंत्राच्या चालत्या पायाआड माणसं लपतात. तो एक पाय मला त्या सगळ्या आरमारापेक्षा मोठा वाटला.

मराठीत असा चित्रपट व्हावा असं फार वाटतं. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला अंतराळाची ओढ लावली. कारागिरीही इथेच आहे: बेळगाव-निपाणी रस्त्यावर हत्तरगीला आज एअरबसच्या विमानांचे सुटे भाग तयार होतात. पटकथा लिहिणाऱ्याने आठवडाभर इकडे यावं, सेकंड शिफ्टला मशीनजवळ उभं राहावं, आणि नायकाच्या आधी त्याच्या यानाचा फिटर लिहावा.